बसल्यावरचं माप

गावात दोन मास्तर एकाच घरात राहत होते. ती पोस्टमास्तर, तो टेलरमास्तर. घरातला खरा मास्तर कोण, हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. बँक, विजेचं बिल, लेकीची शाळा, घरमालकाशी भांडण, सगळं ती बघायची. तो आपला मशिनीवर. ब्लाऊज शिवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की गळ्यातल्या टेपशी चाळा करत बसायचा. "अहो, तुम्ही फक्त हो म्हणा," असं ती म्हणायची आणि तो हो म्हणायचा. बत्तीस वर्षं संसार असा सुरळीत चालला होता.

दोन वर्षांपूर्वी तिच्या आतड्याच्या टोकाशी कॅन्सर निघाला. औषधं झाली, किरणं झाली, गेलेले केस परत आले. आता सुटलो असं वाटत होतं, तेवढ्यात तो उलटला आणि या खेपेला माकडहाडाला चिकटून बसला. दोन सर्जननी फोटो बघून मान हलवली. "इतकं मोठं ऑपरेशन इथे कुणी करत नाही," एक जण म्हणाला.

लेक परदेशात एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने कागद चार ठिकाणी पाठवले. तिच्या शहरापासून रेल्वेने पाच तासांवर एक हॉस्पिटल होतं. तिथल्या सर्जनबाई नेमकी हीच ऑपरेशनं करायच्या. त्यांचं उत्तर आलं: घेऊन या.

पोस्टमास्तरणीने कचेरीची तपासणी येणार असल्यासारखी तयारी केली. नवऱ्याला तिकडची भाषा येणं शक्य नव्हतं, म्हणून तिने लेकीला फोनवर धरून बेचाळीस कार्डं लिहिली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तिकडची भाषा. 'पाणी हवंय.' 'तिला दुखतंय.' 'डॉक्टर कधी येतील?' शिवाय लेकीने तिकडे ठरवलेल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता तिने त्याच्याकडून तिकडच्या भाषेत पाठ करून घेतला, लहान मुलाकडून पाढे घ्यावेत तसा.

"मी असेन ना सोबत," तो म्हणाला. "पाठ कशाला?"

"तुम्ही असाल हो. मी शुद्धीवर असेन का ते सांगता येत नाही."

ऑपरेशन साडेनऊ तास चाललं. बाहेरच्या बाकावर लेक आणि तो. तिसऱ्या तासाला त्याच्या लक्षात आलं की लेकीच्या कोटाचं अस्तर खाली उसवलंय. सुईदोरा त्याच्या खिशात असायचाच. कोट मांडीवर घेऊन त्याने ती शिवण घातली, मनासारखी आली नाही म्हणून उसवली, पुन्हा घातली.

सर्जनबाई आल्या त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि मगच बोलल्या. लेकीने त्याला समजावलं. "सगळं काढलंय म्हणतात बाबा. माकडहाडही काढलं. आणि त्या आधी बोलल्या होत्या ना, तसंच झालंय. शौचाची वाट आता पोटावर, डावीकडे. तिथे पिशवी. कायमची."

"तिला आत्ता दुखतंय का?" त्याने विचारलं. एवढंच त्याला विचारायचं होतं.

दुखणं सुरू झालं तिसऱ्या दिवशी. लेक औषधं आणायला खाली गेली होती. ही ओठ चावून उशी पिरगळायला लागली, तसा तो गठ्ठ्यातलं कार्ड उपसून पळतच सिस्टरकडे गेला. सिस्टरने कार्ड वाचलं, प्रेमाने हसली आणि जेवणाची यादी आणून त्याच्या हातात दिली. त्याने दाखवलेलं कार्ड होतं, 'मांस नसलेलं काय मिळेल?'

"अहो, हसवू नका," ती कळवळून म्हणाली. "टाके तुटतील माझे."

पण पिशवी बदलायची वेळ झाली की तिचं हसणं संपायचं. ती भिंतीकडे तोंड करायची. "तुम्ही बाहेर थांबा." सिस्टर लेकीला शिकवायची: जुनी चकती कशी सोडवायची, कातडी कशी धुवायची, नव्या चकतीला मापाने भोक कसं कापायचं. चिकटणारी चकती पोटाला, पिशवी चकतीला. तो कॉरिडॉरमध्ये उभा राहून समोरच्या दाराचे स्क्रू बघायचा. बत्तीस वर्षांच्या सवयीने तो हो म्हणाला होता.

सतराव्या दिवशी घरी सोडलं. घर म्हणजे हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवरची तळमजल्याची खोली, मागच्या बाजूने दार. लेकीची रजा संपली. ती आता फक्त शनिवारी येणार होती. दिवसाआड हॉस्पिटलची एक उंच सिस्टर घरी येऊन पिशवी बघून जायची. "तेवढ्यावर निभेल," पोस्टमास्तरीण म्हणाली. "तुम्ही स्वयंपाकाचं बघा."

स्वयंपाकाचं त्याने बघितलं. मऊ भात, उकडलेला बटाटा, पातळ सूप. भात पहिल्या दिवशी करपला, दुसऱ्या दिवशी खिमट झाला. "आज याची खळ चांगली होईल," ती म्हणाली, पण चार घास खाल्ले.

निभलं मात्र नाही. सोमवारी लेक गेली आणि मंगळवारी पिशवी गळाली. सिस्टरने येऊन बदलली. ती जाऊन तास होत नाही तोच पुन्हा गळाली. चादर, गाऊन, सगळं खराब झालं. तो कपडे उचलून कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेला. तिथे भिंतीला लागून कपडे धुण्याची सहा मशिनं होती, आपलीआपण चालवायची. पहिल्या दिवशी तो मशिनीसमोर कुलपाची किल्ली हरवल्यासारखा उभा राहिला, तेव्हा दुकानवालीने खुणेनेच सगळं दाखवलं. बुधवारी तो दोनदा गेला.

गुरुवारी सकाळी, सिस्टर यायला अजून चार तास होते, तेव्हा ती बाथरूममध्ये गेली आणि बाहेरच आली नाही. नळ चालू होता. नळाच्या आवाजाआड दुसराही एक आवाज होता. बत्तीस वर्षांत त्याने तो दोनदाच ऐकला होता.

"अगं, दार उघड."

"नाही."

"निदान कडी तरी काढ. चक्कर आली तर?"

"आली तर आवाज येईल तुम्हाला."

तो दाराला टेकून खाली फरशीवर बसला. थोड्या वेळाने आतून ती म्हणाली, "लेकीला फोन करा. ये म्हणावं."

"पाच तास लागतील तिला. तोवर उभी राहणार आहेस?"

"राहीन. पण तुम्ही बघायचं नाही, सांगून ठेवते. इतकी वर्षं तुम्ही मला बघितलंत, ते तसंच राहू दे."

कार्डांत यावरचं कार्ड नव्हतं. शेवटी त्याला जे येत होतं तेच तो बोलायला लागला.

"माझं एक गिऱ्हाईक आहे. अकरा वर्षं झाली. तिची एका बाजूची छाती काढलेली आहे. ब्लाऊज असा शिवतो की तिच्या सख्ख्या जावेलाही पत्ता नाही."

आतून, "कोण?"

"ते नाही सांगणार."

"मलासुद्धा?"

"कुणाचं पत्र कुठून येतं, हे तू मला कधी सांगितलंस?"

नळ बंद झाला.

"एकीचा खांदा दीड इंच खाली आहे," तो म्हणाला. "एकीची पाठ भाजलेली आहे. पहिल्यांदा येतात तेव्हा सगळ्या अंग चोरून उभ्या राहतात. मी टेप लावतो, आकडा लिहितो. आकड्याला लाज नसते गं."

"मी तुमचं गिऱ्हाईक नाही."

"नाहीस ना, म्हणून तर इथे फरशीवर बसलोय. गिऱ्हाईक असतीस तर म्हटलं असतं, उद्या या."

आतून जे आलं ते हसणं होतं की हुंदका, ते त्याला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. मग कडी निघाली.

त्याने नजर चुकवली नाही आणि रोखूनही बघितलं नाही. कोटाच्या मोठ्या बटणाएवढं, लालभडक, ओलं असं ते पोटावरचं तोंड होतं. त्याच्या भोवतीची कातडी मात्र पार सोलून निघाली होती. त्याला भरून आलं ते त्या कातडीसाठी. "एवढं झोंबत होतं आणि तू बोलली नाहीस?" तो म्हणाला. तिने मान फिरवली.

भिंतीकडे तोंड करून का होईना, सिस्टर काय म्हणतेय ते लेक सांगायची तेव्हा तिने शब्द न् शब्द ऐकला होता. आता ती सांगत गेली आणि तो करत गेला. कोमट पाणी. साबण नाही. टिपायचं, चोळायचं नाही. पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. सिस्टरने चकतीवर रेघ काढून ठेवली होती, त्या रेघेवर त्याने भोक कापलं. कडा इतकी गुळगुळीत आली की तिनेही वाकून बघितली. चकती चिकटली. दोघांनी चहा घेतला. चहा संपेपर्यंत पुन्हा गळाली.

"बघा," ती म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता.

"पहिली ट्रायल कधी बसते का?" तो म्हणाला. "तू जरा बस बघू. अशी नाही, रोज चहाला बसतेस तशी."

माकडहाड काढल्यापासून तिला एका कुशीवर कलून, मऊ उशीवरच बसता यायचं, आणि तेही दहा मिनिटं. ती तशी बसली. तो समोर गुडघ्यांवर बसला, डोळे बारीक करून बघत राहिला. मग म्हणाला, "आता उठ. आता पुन्हा बस."

"कवायत करवताय का माझ्याकडून?"

"हे बघ, हे बघ." त्याचा आवाज एकदम त्याच्या शिलाईच्या दुकानातला झाला. "आडवी असतेस तेव्हा पोट सपाट असतं. बसलीस की टाक्यांच्या कडेने इथे घडी पडते, आणि त्या घडीवर चकती उचलली जाते. हॉस्पिटलात तू आडवीच होतीस ना, म्हणून माप आडव्याचं घेतलं गेलंय. घ्यायला हवं होतं बसल्यावरचं."

पावाच्या कागदी पिशवीतून त्याने चकतीच्या नमुन्याचं कटिंग कापलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दर वेळी तिला बसवून, उभं करून, घडी कुठवर जाते त्याची पेन्सिलने खूण करून. भोक जरा एका अंगाला सरकवलं. घडीच्या बाजूने चकतीच्या कडेला कात्रीने बारीक चिरा दिल्या, ब्लाऊजच्या गळ्याच्या वळणाला देतात तशा, म्हणजे पोट वाकलं की तीही वाकेल. सिस्टरने ठेवलेल्या ट्यूबमधला लेप बोटाने घडीत भरून सपाट केला. चकती दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली आणि लावून हात तसाच वर ठेवला. पाच मिनिटं. त्याचा तळवा तिच्या पोटावर होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"तुमचे हात अजून गरमच असतात," ती म्हणाली.

त्या दिवशी चकती संध्याकाळपर्यंत टिकली, मग एका कोपऱ्यातून सुटली. त्याने कटिंग पुन्हा सुधारलं. त्यावरून कापलेली नवी चकती तीन दिवस हलली नाही.

उंच सिस्टर आली, वाकून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही तरी प्रश्न कळला. पोस्टमास्तरणीने नवऱ्याकडे बोट दाखवलं. तो कावराबावरा होऊन कार्डं चाळायला लागला. सिस्टरने कागदी कटिंग उजेडात धरून बघितलं, त्याला विचारून आपल्या बॅगेत ठेवलं, आणि पुढच्या फेरीला मुळातच बाक असलेल्या मऊ चकत्या घेऊन आली. लेकीला फोन लावून तिने निरोप दिला. लेक म्हणाली, "त्या म्हणतायत, बाबांनी जी घडी दाखवली ती आमच्याकडून सुटली होती."

"फुगू नका आता," पोस्टमास्तरीण म्हणाली. पण उंच सिस्टर गेल्यावर तिनेच हे लेकीला फोनवर दुसऱ्यांदा सांगायला लावलं.

सोललेली कातडी आठवड्याभरात भरून आली. ती गल्लीत चालायला लागली. पहिल्या दिवशी शेजारच्या दारापर्यंत, मग दिव्याच्या खांबापर्यंत, मग वळणावरच्या बाकापर्यंत. दोघं भांडायलाही लागली. तो फार हळू चालतो, तो फार धरतो, सुपात मीठ नाही. त्याला बरं वाटलं.

पाचव्या आठवड्यात दुपारी तिला थंडी वाजून आली. दोन पांघरुणं घालूनही दात वाजत होते. ताप बघितला, फार होता. लेकीचा फोन लागेना. आणीबाणीचा नंबर भिंतीवर चिकटवलेला होता. त्याने तो फिरवला. पलीकडून कुणीतरी भराभरा बोललं. कार्ड फोनवर दाखवता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. मग डोळे मिटून त्याने पाठ केलेला पत्ता म्हटला. पुन्हा म्हटला. पलीकडून पुन्हा प्रश्न आला.

पांघरुणातून ती कुडकुडत म्हणाली, "अहो, तुम्ही मागचं दार म्हणताय की वरचं? वरचं म्हणालात. गच्चीवर शोधतील."

"मग सांग की नीट!"

तिने शब्द सांगितला, त्याने म्हटला, तिने सुधारला, त्याने पुन्हा म्हटला. मग त्याने 'ऑपरेशन', 'ताप', 'बायको' हे येत होते तेवढे शब्द एकामागोमाग एक टाकले. गाडी बारा मिनिटांत मागच्या दाराशी आली. पोटात पू झाला होता. नळी घालून काढला, सहा दिवस ठेवून घेतलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टरांनी लेकीला सांगितलं. त्या सहा दिवसांत ती त्याला एकदाही बाहेर थांबा म्हणाली नाही. घरी आल्यावर मात्र तिनेच एक दिवस चकती त्याच्या हातातून घेतली. "द्या इकडे. मला शिकू दे. मी कामावर गेल्यावर पोस्टात येऊन बसणार आहात का तुम्ही?" कामावर जाण्याची गोष्ट ती पहिल्यांदाच बोलली होती.

नवव्या आठवड्यात रिपोर्ट ऐकायला बोलावलं. लेक आली होती. सर्जनबाई तशाच खुर्ची ओढून बसल्या. काढलेल्या भागाच्या कडा पूर्ण स्वच्छ होत्या, नव्या फोटोत कुठेही काही नव्हतं. दर तीन महिन्यांनी तपासणी करायची. पिशवी कायमच राहणार होती. आता गावी परत जायला हरकत नव्हती. लेक रडली. पोस्टमास्तरणीने तपासणीच्या तारखा लिहून घेतल्या आणि एक तारीख रविवारी येते हे सर्जनबाईंना दाखवून दिलं. तो हो हो म्हणत राहिला.

खोलीवर आल्यावर त्याने कापडी पिशवीत चादरी भरल्या. "टाकून येतो मशिनीला." लेक दुपारच्या गाडीने परत गेली. तास झाला, दीड तास झाला, त्याचा पत्ता नाही. फोन टेबलावरच राहिला होता.

वळणावरच्या बाकापलीकडे ती एकटी कधी गेली नव्हती. तिने पोटावरची पिशवी नीट आहे ना ते चाचपून बघितलं, कोट घातला आणि निघाली. खांबापाशी थांबली, बाकावर थोडं कलून बसली, उठली. रस्ता ओलांडताना गाडीवाल्याला हाताने थांबवलं. दुकानाच्या काचेतून तिला तो दिसला. मशिनीसमोरच्या बाकड्यावर वाकून बसला होता, दोन्ही हातांत तोंड धरून. खांदे हलत होते. दुकानवाली लांब उभी होती. हिला बघून तिने नुसतं दार उघडून धरलं.

ती त्याच्या शेजारी हळूच एका अंगावर बसली. त्याने वर बघितलं आणि आधी दचकलाच. "तू? एकटी? रस्ता ओलांडून?"

"मग काय उडून?" तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सगळं चांगलं झालंय म्हणाल्या ना हो त्या? मला कळलं ते बरोबर ना?"

"बरोबर," तो म्हणाला. "म्हणूनच." आणि पुन्हा त्याला रडू फुटलं. साडेनऊ तासांत न आलेलं, फरशीवर बसून न आलेलं, गाडीत न आलेलं, सगळं आत्ता येत होतं. काय करा, काय करू नका, यातलं काहीच तिने सांगितलं नाही. हात तेवढा पाठीवरून फिरत होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मशीन केव्हाचं थांबलंय."

त्याने नाक पुसलं, चादरी काढल्या. त्या वाळवायच्या मशिनीत फिरेपर्यंत दोघं तिथेच बसली. दहा मिनिटं झाली की ती उठून उभी राहायची, मग पुन्हा बसायची. वाळल्यावर तो घडी घालायला लागला, तशी तिने चादरीची दोन टोकं मागितली.

"वजन उचलायचं नाही म्हणालेत तुला."

"चादरीला कसलं आलंय वजन? धरा ते टोक. ताणा जरा."

त्याने ताणली. दोघं एकमेकांकडे चालत आली, टोकं जुळवली, पुन्हा मागे गेली. चार चादरी झाल्या. मग तो चादरींची पिशवी खांद्यावर घेऊन आणि ती मोकळ्या हातांनी, वाटेत तीनदा थांबत, खोलीकडे निघाली.